तिकिटाच्या पाठीवर

गणेशपेठ आगारात शिबिर होतं.
मे महिना, कूलरमधलं पाणी संपलेलं.
पंधरा वर्षं मी हात पुढे करून पैसेच घेतले,
आडवं होऊन कुणाला काही द्यायची
ही पहिलीच वेळ.
बिस्किटाचा पुडा मिळाला आणि एक निळा पेन.

बाविसाव्या दिवशी रक्तपेढीचा फोन.
मुलगी माझ्या सुगतपेक्षाही लहान.
तिनं आधी दार लोटलं, मग आवाज हळू केला:
हेपेटायटिस सी.
"आधी कधी रक्त चढवलं होतं, ताई?"

चढवलं होतं.
शहाण्णवचा नोव्हेंबर, सुगत आडवा आलेला,
दोन बाटल्या.
बाबा रात्रभर सायकलवर हिंडले
आणि पहाटे कुणी एक अनोळखी माणूस
बाही वर करून उभा राहिला.
नाव विचारायचं राहून गेलं.
"तेव्हा ही तपासणी होत नसे," मुलगी म्हणाली,
जणू तिचीच चूक.

घरी येऊन मी फक्त नेलकटर वेगळं ठेवलं.
जाऊबाईनं कप वेगळा केला.
कपानं काही होत नाही, हे सांगून पाहिलं,
मग सोडून दिलं.
उमरेड फेरीच्या हारुण शेखनं मात्र
स्टिअरिंगवरून हात काढून
माझ्याच बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायलं:
"काय मॅडम, गरम काऊन आहे बे हे?"

मेडिकलमधून गोळ्या, बारा आठवडे.
मग तीन महिने थांबायचं, मग पुन्हा सुई.
कागदावर एकच ओळ:
विषाणू आढळला नाही.
त्या दिवशी विहीरगावच्या थांब्यावर
मी डबल घंटी अशी ओढली
की दोरीच हातात आली.

पुढच्या शिबिरात सगळ्यांच्या आधी रांगेत.
ती मुलगी ओळखून हसली, आणि मान हलवली.
"तुम्ही बऱ्या आहात. पण रक्त आता कधीच नाही.
आजार गेला तरी त्याची खूण रक्तात राहते."
"कळलं," मी म्हटलं,
"प्रवासी उतरला तरी तिकिटाला पंच असतोच."
ती पंच पाहिलेल्या पिढीतली नव्हती.

रात्री मुक्कामाच्या गाडीत झोप येत नाही
तेव्हा तो माणूस आठवतो.
रागवावं म्हणते, तर चेहराच नाही,
नुसती दुमडलेली बाही.
त्याच्यामुळे मी उठून बसले, पोराला पाजलं.
त्याच्यामुळेच तेवीस वर्षं
काहीतरी माझ्या आत बिनतिकीट बसून होतं.
त्याला कुणी फोन केला असेल का?
दार लोटून, आवाज हळू करून?
त्याला मिळाल्या असतील गोळ्या?

सुट्टे नसले की आम्ही
बाकी तिकिटाच्या पाठीवर लिहून देतो.
उतरताना घ्या, म्हणतो.
निम्मे लोक विसरतात.
पाचगावला उतरलेलं एखादं पोरगं
तीन रुपयांसाठी धुरळ्यातून धावत येतं
आणि मी खिडकीतून हात बाहेर काढते.
माझ्याकडे दोन बाटल्यांची बाकी आहे,
द्यायची कुणाला, ते लिहिलेलं नाही.

अवयवदानाच्या टेबलावरच्या बाईला मी सगळं सांगितलं.
ती फॉर्म मागे घेईल म्हणून कोपऱ्यावर बोट दाबून ठेवलं होतं.
"भरा ना," ती म्हणाली.
"सी होऊन गेलेल्यांचंही घेतात कधी कधी.
किडनी, लिव्हर, काय चालेल, कुणाला चालेल,
ते त्या वेळचे डॉक्टर तपासून ठरवतील."
"त्या वेळी म्हणजे?"
ती गप्प.
"लास्ट स्टॉपला," मी म्हटलं,
आणि खिशातला निळा पेन काढला.
अजून चालतो.

नातेवाईकाच्या सहीला सुगतनं चार दिवस लावले.
आधी म्हणाला, पाहू. मग म्हणाला, काऊन पण?
शेवटी जेवता जेवता, डाव्या हातानं कागद ओढून:
"तुझं ते लिव्हर कुठं जाईल, आई?"

मला काय ठाऊक, बाप्पा.
मी तिकीट देते.
कुठं जायचं ते प्रवासी सांगतो.